केरबाचं मॅनिफोल्ड

"बळीभाऊ, थाप मारणार असाल तर आधी सांगा, म्हणजे मी बसून ऐकते," माईसाहेब म्हणाल्या आणि खरोखरच केरबाच्या शेडमधल्या सागवानी ओंडक्यावर पदर सावरून बसल्या.

त्यांच्यापुढे गोणपाटावर तीन मॅनिफोल्ड मांडली होती आणि बाजारात कोंबडी पारखायला जमावं तसे आम्ही भोवती जमलो होतो. मॅनिफोल्ड म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल कालवतो. ते कालवण इंजिनाच्या चारी सिलिंडरांपर्यंत नेणारी फाटे फुटलेली नळी म्हणजे मॅनिफोल्ड. पंगतीतला वाढपीच म्हणा ना. वाढपी ढिला निघाला की स्वयंपाक कितीही चांगला असो, पंगत उपाशी.

पंगत होती राघूची. राघू म्हणजे माईसाहेब हेर्लेकरांची पोपटी रंगाची, उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसं मावतील अशी विलायती गाडी. यजमानांनी हौसेनं आणलेली. यजमान गेले, गाडी राहिली, आणि माईसाहेब पांढरं पातळ नेसून, डोळ्यांना काळा चष्मा लावून ती स्वतः पिटाळायच्या. दसऱ्याला त्यांच्या मोटार क्लबाची पन्हाळ्याच्या चढाची शर्यत असे. त्या वर्षी राघूच्या जुन्या मॅनिफोल्डचा इंजिनाला आवळायचा कान तुटला, पितळेनं जोडला, आणि तरी त्या फटीतनं हवा ओढून इंजिन दम्याच्या माणसासारखं धापा टाकायला लागलं.

ते जुनं, हे गोणपाटावरचं पहिलं. दुसरं माईसाहेबांच्या पुतण्यानं, रणधीरनं, मुंबईहून आणलेलं. रुंद घशाचं, चांदीच्या भांड्यासारखं लखलखीत, वर दोन मोठे इटालियन कार्बोरेटर बसवायची सोय. आणि तिसरं केरबा सुतारानं स्वतः लाकडी पॅटर्न करून, वाळूत साचा घालून, शेजारच्या भट्टीत ओतलेलं. दिसायला राखाडी, जरा लांबट, आणि फाटे अरुंद.

केरबा माझा लंगोटीयार. पंपाच्या एका फौंड्रीत तो पॅटर्न करायचा. त्याच्या हाताची पंपाची अंगं गावोगावच्या विहिरींवर बसली होती, पण त्यांवर नाव मालकाचं. ह्या मॅनिफोल्डवर मात्र त्यानं एका कडेला उठावदार अक्षरात 'के. सु.' ओतलं होतं. राघू वर चढला तर क्लबातल्या सगळ्या जुन्या गाड्यांचं ओतकाम केरबाला द्यायचं, असा माईसाहेबांचा शब्द होता. त्या शब्दावर त्यानं फौंड्रीत सांगून टाकलं होतं, दिवाळीपासून मी माझी भट्टी पेटवणार. बोलून मोकळा झाला होता आणि त्या दिवसापासून जेवत नव्हता.

आणि मी? कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, मला बळी कार्बोरेटर म्हणत. बाहेरच्या रस्त्यानं गाडी गेली की आवाजावरनं तिच्या कार्बोरेटरचं कुठलं जेट, म्हणजे पेट्रोलचं भोक, तुंबलंय ते मी सांगायचो, हे खरं. बाकी मी जे सांगायचो त्यात खरं असं फारसं सापडायचं नाही.

"आत्या, विचार कसला करतेस?" रणधीर म्हणाला. "हे रेसिंगचं आहे. आणि ते..." त्यानं केरबाच्या मॅनिफोल्डकडे बोट दाखवलं, पण शब्द सापडेना म्हणून बोट परत घेतलं.

"बळीभाऊंना विचारूया," माईसाहेब म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच बोलावलंय."

मला खरं कारण एका दमात सांगता आलं असतं. पण शेडमध्ये चांगली माणसं जमली होती, चहा येणार होता, आणि केरबाची बायको हौसा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, पदराचं टोक दातात धरून ऐकत उभी होती. हौसावहिनीसारखं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. गगनबावड्याकडच्या वाडीतनं आलेली, डोळे मोठे करून ऐकायची. मी म्हटलं पाऊस खालून वर पडला, तर ती छत्री उलटी धरेल. मला तेवढं पुरे होतं.

"माईसाहेब," मी म्हटलं, "मद्रासकडं धावपट्टीवर मोटारी पळवायच्या तवाची गोष्ट. मी एका चेट्टीच्या गाडीवर मिस्त्री हुतो."

"तुम्ही मद्रासला कधी गेला होता?" रणधीर.

"तू पाळण्यात हुतास तवा. मधे बोलू नगंस. तर त्या चेट्टीकडं अशीच दोन मॅनिफोल्ड. एक रुंद, एक अरुंद. समद्यांनी सांगितलं, रुंद घाला. मी म्हणलं, अरुंद घाला. चेट्टी म्हणला, बळवंतय्या, तू सांगतोस म्हणून घालतो, पण आमच्याकडची रीत पाळायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी घरच्या सवाष्णीनं पुजेची सुपारी मॅनिफोल्डच्या तोंडातनं आत सोडायची. कुणाला न सांगता. नवऱ्यालाबी न्हाई."

"मग?" दारातनं हौसावहिनींचा आवाज आला. लगेच तिनं जीभ चावली, कारण समोर माईसाहेब होत्या.

"मग काय वहिनी! मळसूत्री अरुंद नळी, आत वाऱ्याचा जोर. त्या जोरानं सुपारी गरगरा फिराय लागली. इंजिनानं कातरली, बारीक केली, आणि पयल्या फेरीला मागच्या सायलेन्सरमधनं अशी भुरभुर सुपारी बाहेर! मागं उभारलेल्यांनी नुसती पानं पुढं केली. वेलदोड्याचा वाससुदीक येत हुता. गाडी पयली आली. रुंदवाली तिथंच ठसकत बसली."

शेड हसली. केरबाही हसला, बऱ्याच दिवसांनी. माईसाहेबांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता कारण सांगा."

"कारण सरळ हाय जी," मी म्हटलं. "घाटात गाडी पळवायची नसती, वडायची असती. रुंद नळीत कमी वेगाला हवा आळसावती आणि पेट्रोल भिंतीला चिकटून बसतंय. वळणावर तुम्ही पाय दाबला की गाडी आधी ठसकणार, मग निघणार. केरबाच्या नळीत कालवण नेटानं आत जातंय. सपाटीवर रणधीररावांचं चांगलं. चढाला केरबाचं."

माईसाहेबांनी केरबाचं मॅनिफोल्ड मांडीवर घेतलं, बोट घालून आतली कड चाचपली, आणि 'के. सु.' वरून अंगठा फिरवला.

"हे काय?"

"माझं नाव जी," केरबा पुटपुटला. "नगं असलं तर कानस मारून काढतो."

"राहू दे. वर गेलो की सगळ्यांना दाखवू."

झाला निवाडा. म्हणजे माझ्या त्या चेट्टीची, सुपारीची, वेलदोड्याची कुणाला काडीची गरज नव्हती. चार वाक्यांत काम झालं असतं. गोष्ट संपली तशी सगळ्यांनी झटकून टाकली आणि चहा प्यायला. चौकटीला टेकून जी उभी होती तिनं तेवढी ठेवून घेतली.

खंडेनवमीला आमच्या उद्यमनगरात हत्याराला कुणी हात लावत नाही. लेथ, करवत, हातोडा, पाना, जे जे वर्षभर राबतं ते त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून गप्प बसतं. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत साधा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. म्हणून अष्टमीलाच मी आणि केरबानं मॅनिफोल्ड राघूच्या इंजिनावर आवळून घेतलं. दोन्ही कार्बोरेटर तेवढे मी साफ करायला घरी नेले होते. ते दसऱ्याच्या सकाळी बसवायचे. मॅनिफोल्डची तोंडं उघडी राहिली, त्यांत मी कापडाचे बोळे कोंबले.

नवमीला हौसावहिनींनी सगळ्या शेडची पूजा केली. केरबाची पटाशी, रंधा, कंपास, एकेकाला हळदकुंकू. मी दारात बसून बघत होतो. राघूचं इंजिनावरचं टोपण उघडं होतं. तिनं इंजिनाला पाच बोटं कुंकवाची ओढली, मॅनिफोल्डला झेंडू वाहिला, आणि वाकून बराच वेळ तिथं काहीतरी करत राहिली.

"वहिनी, इंजनाच्या कानात काय सांगतासा?" मी ओरडलो.

"तुमास्नी काय करायचंय भावजी?" ती हसत म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावर मी झेंडू बाजूला केला, बोळे काढले, कार्बोरेटर बसवले. इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन उठलं. असा एकसारखा सूर की माईसाहेबांनी टोपणावर हात ठेवला. केरबा मागे जाऊन सायलेन्सरजवळ उकिडवा बसला. मी त्याला म्हटलं, "पान आणू का रं? सुपारी बाहेर येतीया का बघतोस?"

"गप बस," तो म्हणाला. पण चेहरा उजळला होता.

वाघबिळापासून वर पन्हाळ्याच्या दरवाज्यापर्यंत शर्यत. आम्ही दोघं आधीच जाऊन घाटातल्या मोठ्या वळणावर कठड्याला टेकून उभे राहिलो. तिथं गाडी खालून दिसायच्या आधी ऐकू येते. एकेक करून क्लबाच्या गाड्या सुटल्या. रणधीर त्याच्या गाडीत आधी वर गेला, वळणावर चांगलाच ठसकला, तेव्हा केरबानं माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग राघू सुटला. मी डोळे मिटले. खालच्या वळणाला गिअर पडला, आवाज न तुटता चढत आला. पुढच्या वळणाला पुन्हा तसाच. घाटाला कुणी गिरकी घेऊन शीळ घालतंय असं वाटत होतं.

"बळ्या," केरबा म्हणाला, "वडतंय न्हवं?"

"अरं, वडतंय काय! डोंगर खाली बसाय लागलाय."

आणि आमच्या वळणाच्या आधीचा खडा चढ लागला. माईसाहेबांनी पाय पुरा दाबला असणार. एकदम फट् आवाज झाला. कार्बोरेटरमधनं उलटा बार. मग सूर मोडला. चारावरचं इंजिन तिनावर आलं, पुन्हा एक बार, आणि राघू लंगडत लंगडत आमच्यापर्यंत आला आणि कठड्याशी गप्प झाला.

माईसाहेब उतरल्या. चष्मा काढला, कपाळाला माती लागली होती ती पुसली. चिडल्या नाहीत. "बघा काय ते," म्हणाल्या आणि वळणापलीकडच्या सावलीत, क्लबाचा पंच उभा होता तिकडे त्याला गाडी थांबल्याचं सांगायला गेल्या.

आम्ही टोपण उघडलं. कार्बोरेटर उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या फाट्यात मी बोट घातलं, बोटाला काहीतरी टणक लागलं. चिमट्यानं धरून बाहेर ओढलं.

सुपारी.

पूजेची, गोल, अख्खी. एका बाजूनं वाल्व्हनं चावून तिचा टवका काढलेला. दुसऱ्या बाजूला अजून कुंकू होतं, पेट्रोलमध्ये भिजून गडद झालेलं. सरळ रस्त्यावर ती नळीच्या पोटात निवांत बसून राहिली असणार. चढाला राघूचं नाक वर झालं, हवेचा जोर वाढला, आणि ती सरकत वाल्व्हच्या घशात जाऊन बसली.

केरबानं सुपारी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधी त्यानं माझी मूठ सुपारीसकट मिटवली.

"खिशात टाक," तो म्हणाला.

"केरबा, अरं पर..."

"टाक म्हणतो न्हवं. मॅनिफोल्डला फट पडली म्हणायचं. ओततानाच भोक राहिलं हुतं म्हणायचं."

"आरं खुळा का काय तू? तुझं ओतकाम सोन्यासारखं हाय! ही काढली की गाडी आत्ता वर जाईल. दाखवू की सगळ्यांना!"

"काय दाखवतोस? हौसीनं आत सुपारी घातली, हे? का घातली इचारतील. मग सांग, बळ्यानं सांगितलं म्हणून घातली." त्याचा आवाज चढला नव्हता. "ते रंकाळ्याचं झालं तवापास्नं ती नळावर उजेड पडायच्या आदी जाती, ठाऊक हाय न्हवं तुला?"

मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी मी तिला सांगितलं होतं, रंकाळ्याच्या तळाशी एक राजाची मोटार बुडालीय, अमावस्येला कान लावला की तिचा भोंगा ऐकू येतो. मी गंमत करून विसरलो. ती खरंच गेली, रंकाळ्याच्या काठी पाण्याला कान लावून बसली, आणि नळावरच्या बायांना येऊन सांगितलं, की मला जरासा ऐकू आला. तेव्हापासून तिला हाक मारायची पद्धतच बदलली. तोंडानं भोंगा वाजवायचा, पोरंसुद्धा वाजवायची. खुळी हौसा.

"आता हेबी कळलं तर गल्लीत ऱ्हाता येणार न्हाई तिला," केरबा म्हणाला.

"मग माझ्यावर घे. कार्बोरेटर मी बसवला. घाण माझ्या हातनं आत गेली म्हणतो."

"तू म्हणशील आणि मानणार कोण? उलट खोदून इचारतील. आणि तो रणधीर बोट घालून बघणार. त्येला दिसाय पायजे काय तरी."

मी 'माझ्यावर घे' एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. दुसऱ्यांदा म्हणायला वेळ होता.

केरबानं नट सोडवले, मॅनिफोल्ड उतरवलं, रस्त्याकडेच्या दगडावर ठेवलं. हातोडी माझ्या पेटीतली होती. पहिला घाव त्यानं घातला तो नीट बसला नाही. सुताराचा हात, पण कचरला. दुसरा बसला. अरुंद फाट्याच्या मुळाशी बारीक तडा गेला, 'के. सु.'च्या जरा खालून. त्यानं तडा नखानं चाचपला आणि त्यात मातकट तेल घासलं, म्हणजे जुना दिसावा.

"बळ्या," तो म्हणाला, "तू जल्मभर थापा मारल्यास. आज एक माझ्यासाठी मार. आणि साधी मार. चेट्टी-बिट्टी आणू नगंस."

वळणावरून माणसं आलीच. पुढे रणधीर, वरून गाडी लावून चालत उतरलेला, मागे क्लबाचे दोघे-चौघे, त्यांच्यामागे माईसाहेब. रणधीरनं मॅनिफोल्ड उचललं, उन्हात धरलं, तडा सापडल्यावर शीळ घातली.

"के. सु." त्यानं मोठ्यानं वाचलं. "नाव मात्र झकास उठलंय हं."

कुणीतरी हसलं. केरबा हात पुसत उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"काय झालं, बळीभाऊ?" माईसाहेबांनी विचारलं. "तुम्ही सांगा. आणि मद्रास नको."

"ओतताना भोक राहिलं हुतं, माईसाहेब. चढाला तडा गेला. हवा वडली."

"बस?"

"बस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा डावा हात खिशात होता.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एका दमात बोललात," त्या म्हणाल्या. "म्हणजे खरंच असणार." मग केरबाकडे वळून, मऊपणानं, म्हणाल्या, "होतं असं. वाईट वाटून घेऊ नका. तुमचं पंपाचं काम चांगलंच आहे."

त्या 'पंपाचं' ह्या शब्दात केरबाची भट्टी विझली. दिवाळीनंतर तो फौंड्रीत परत गेला. मालकानं चार माणसांत विचारलं, "काय केरबा, मोटारवाले झाला हुता न्हवं?" आणि घेतलं. तिथंच तो म्हातारा झाला. राघूला मुंबईचं मॅनिफोल्ड बसलं आणि पुढच्या दसऱ्याला तो वळणावर ठसकत ठसकत का होईना, वर पोचला. आजपर्यंत मी सांगितलेलं कुणी सरळ मानलं नाही. आमच्या घरी मी पाऊस आला म्हटलं की सून बाहेर जाऊन हात पुढे करून बघते. माझं घाटातलं ते एक वाक्य मात्र सगळ्या कोल्हापुरानं शपथेवर असावं तसं धरलं.

पण त्या दिवसाची संध्याकाळ अजून बाकी आहे.

सोनं द्यायला मी केरबाकडे जाणार नव्हतो. घाटातल्या कपड्यांनिशीच पडून राहिलो होतो. तर तोच आला, खांद्यावर स्वच्छ टॉवेल, हातात आपट्याची पानं.

"चल. ती वाट बघतीया. न्हाई आलास तर इचारत बसंल."

"मला जेवण जाणार न्हाई, केरबा."

"मला तरी कुठं जातंय? चल."

हौसावहिनींनी पुरण घातलं होतं. पाटावर बसलो, तिनं पोळीवर तूप ओतलं, आणि ओतता ओतता रडायला लागली.

"भावजी, आता काय म्हणून त्वांड दाखवायचं ओ? भट्टीची जागासुदीक बघून ठेवली हुती ह्येंनी."

केरबा पोळीचा घास मोडत होता. मोडलेला तसाच ताटात होता.

"वहिनी, हुतंय असं," मी म्हटलं.

जेवण झालं. केरबा हात धुवायला मोरीकडे गेला. ती पानाचं तबक घेऊन माझ्याजवळ आली, खाली बसली, आणि मोरीकडे बघत हळूच म्हणाली, "भावजी, एक इचारू? कुणाला सांगायचं न्हाई म्हणालासा म्हणून ह्येंनाबी सांगितलं न्हाई. मी सोडली हुती. सुपारी. सवाष्ण म्हणून, न्हाऊन, नवमीला. मग का ओ असं झालं? माझं काय चुकलं?"

मोरीतलं पाणी थांबलं. केरबा तांब्या हातात धरून तसाच उभा होता, पाठमोरा.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्याच मोठ्या डोळ्यांनी. रंकाळ्याच्या वेळी बघितलं होतं तसंच.

"तुमचं काय चुकलं न्हाई, वहिनी," मी म्हटलं. "तुमची सुपारी बरोबर काम करीत हुती. मी कानानं ऐकलं. खालची वळणं राघू शीळ घालत आला. नळीच कच्ची निघाली."

तिनं डोळे पुसले. चेहऱ्यावरचं मळभ हळूहळू गेलं, आणि मग ती मोरीकडे वळून कडाडली.

"ऐकलंसा? भावजींनी एवढं चार माणसांत तुमच्या बाजूनं सांगितलं, माईसाहेबांस्नी पटवून दिलं, मी माझ्या हातनं जमंल ते केलं, आणि तुमास्नी एक नळी धड ओतता आली न्हाई!"

"व्हय," केरबा म्हणाला. "माझंच चुकलं."

तो येऊन माझ्यासमोर बसला. टॉवेलनं हात पुसले, तबक ओढून घेतलं, पान निवडलं, चुना लावला. मग अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला लागला. पॅटर्न करणारा हात, एकसारख्या कापी पडत होत्या. हौसावहिनी बघत होती.

"भावजीस्नी जादा घाला," ती म्हणाली.

केरबानं मान खाली घालूनच कातरलेल्या सुपारीची चिमूट माझ्या उजव्या तळहातावर ठेवली. डावा हात माझा अजून खिशातच होता.